टॉवेलाचा वास

सर्जेराव : चहा ऱ्हाऊ दे, अक्का. मी काय इचारलं? स्वरूपा कुठं हाय?

कुशाबाई : आन मी काय सांगितलं? बारामतीला. कालेज सुटलं की तशीच पव्हायच्या टँकवर जाती, उड्या मारती, आन साताच्या गाडीनं येती. बाप तू, आन मला इचारतोस.

सर्जेराव : बाप मी, पर सोमवार ते शनवार ती तुझ्याकडं ऱ्हाती. हॉस्टेलवर माझा भरवसा नव्हता म्हणून तुझ्याकडं ठिवली.

कुशाबाई : मंग आता माझ्यावर न्हाय का? हे पिशवीत काय आणलंस? वास मारतोय.

सर्जेराव : चिलापी. भिगवणातनं घेतली, ताजी हाय.

कुशाबाई : कळंबचा माणूस उठतो, भिगवणला जातो, तितनं बारामती, आन तितनं हितं लोणीला. कशापायी, तर थोरल्या बहिणीला मासं द्यायला. धा वर्सांत तू मला मूठभर शेंगा आणल्या न्हाईस, सर्जा.

सर्जेराव : भिगवणला काम व्हतं.

कुशाबाई : कसलं?

सर्जेराव : पाणी बघायचं व्हतं.

कुशाबाई : पाटकरी तू कळंबच्या चारीवरचा. कालव्याचं पाणी कुणाला कवा सोडायचं ते बघायचं तुझं काम. भिगवणच्या पाण्याशी तुझा काय संबंध?

सर्जेराव : बघायचं म्हंजे हुंगायचं व्हतं.

कुशाबाई : बरा हाईस ना?

सर्जेराव : ऐक. पोरगी रविवारी घरी येती ती धुण्याची पिशवी घिऊन. चार वर्सं ती पिशवी उघडली की टँकच्या औषधाचा वास सुटायचा. तिची आई म्हाळसा वैतागायची, म्हणायची, घर हाय का दवाखाना. तीन रविवार झालं, वास न्हाय.

कुशाबाई : मी धुतला आसंल टॉवेल.

सर्जेराव : धुतला असता तर साबणाचा वास आला असता. शेवाळाचा आला.

कुशाबाई : तू लेकीचा टॉवेल हुंगत बसतोस?

सर्जेराव : अठरा वर्सं पाटकरी हाय मी. पाळी नसताना कुणी पाणी घेतलं तर नुसता बांधावरनं चालत गेलो तरी मला कळतं. समोरचा देवाची शप्पथ घेतो, आन त्याच्या उसाच्या बुडातली माती मला सांगती, हा खोटं बोलतोय. लोकांचं कळतं, आन घरातलं कळणार न्हाय?

कुशाबाई : मंग काय कळलं?

सर्जेराव : पयलं वाटलं उजनी धरणाचं पाणी. कुणाबरोबर भिगवणला होडीत फिरायला जात आसंल. गेलो. होडीवाल्यांना तिचा फोटो दाखवला.

कुशाबाई : जवान लेकीचा फोटो मासळीवाल्यांना दाखवत फिरलास? लाज न्हाय वाटली?

सर्जेराव : गावानं तिचा सत्कार केला त्यातला व्हता, फेट्यातला. चांगला आलाय. कुणी तिला बघितली नव्हती. मंग खाली वाकलो, वंजळीत पाणी घेतलं, हुंगलं. त्यो वास न्हाय. लोक बघाय लागले तवा कायतरी घ्याय पायजे म्हणून चिलापी घेतली.

कुशाबाई : आन तितनं टँकवर गेलास.

सर्जेराव : तुला कसं ठावं?

कुशाबाई : तुझा सोभाव ठावं हाय.

सर्जेराव : वाचमन म्हणाला, तीन आठवडं आली न्हाय. अविराज सरांना फोन केला, तिला उड्या शिकवणाऱ्या. त्यो म्हणाला, "काका, तिला थोडा वेळ द्या." वेळ द्या म्हंजे काय? ज्याच्या मनात कायतरी असतं त्योच माझ्याकडं वेळ मागतो. तसाबी त्यो मला पयल्यापासनं पटलेला न्हाय. केस वाढवल्यात. पुढल्या रविवारी पुण्याला निवड हाय, अक्का. आठ दिवस. तितं निवडली तर ती देशाच्या स्पर्धेला जाती, न्हायतर वरीस गेलं. आन पोरगी टँकवर न्हाय.

कुशाबाई : चहा घे आधी. निवतोय.

सर्जेराव : तुझी भांडी बघ. तांब्या बघ, ही कपबशी बघ. समद्यांवर पांढरं उमटलंय. तुमच्या हितलं पाणी मचूळ. वाळलं की पांढरं राहतं. काल मी तिचं पव्हायचं कापड उजेडात धरलं. काळं कापड, आन त्याच्यावर असंच पांढरं. पोरगी तुझ्या हिरीत उतरती. रोज. आन तू माझ्या तोंडावर सांगतीस, बारामतीला गेली.

कुशाबाई : आवाज कमी कर.

सर्जेराव : म्हंजे खरं हाय.

कुशाबाई : आवाज कमी कर म्हणलं ना. मागल्या अंगणात हाय ती.

(स्वरूपा मागच्या दारातून आत येते. केस ओले, खांद्यावर टॉवेल.)

स्वरूपा : आत्याला बोलू नका, आप्पा. सांगू नको असं मीच म्हणाले होते.

सर्जेराव : बस हितं. कोण पोरगा हाय?

स्वरूपा : कुठला पोरगा?

सर्जेराव : मी इचारतोय.

स्वरूपा : कुणी नाही.

सर्जेराव : सर काय वंगाळ बोलला? वागला?

स्वरूपा : नाही. सर चांगले आहेत. तुम्हाला केसांचंच पडलंय.

सर्जेराव : मंग काढून टाकली तुला?

स्वरूपा : नाही. सरांनीच सांगितलं, थोडे दिवस बोर्डावर चढू नको. मला उडी मारता येत नाही, आप्पा.

सर्जेराव : चार वर्सं मारतीस. भिंतीला तीन पदकं टांगलीत.

स्वरूपा : येत होती. आता येत नाही. टँकवर जात होते तेव्हा बोर्डाच्या टोकापर्यंत जायचे, उभी राहायचे, आणि शिडीनं परत खाली उतरायचे. सात-आठ वर्षांची पोरं रांगेत उभी असायची, त्यांच्यासमोर. पहिल्या दिवशी हसली. नंतर हसतपण नव्हती, बाजूला होऊन वाट द्यायची. ते जास्त लागायचं.

सर्जेराव : उंची वाढली तुझी. वरसात चार बोटं वाढलीस. त्यानं तोल जात आसंल.

स्वरूपा : सगळे हेच म्हणतात. सर म्हणाले, आई म्हणाली. उंचीचं नाही.

सर्जेराव : मंग कशाचं? खरं सांग. आतापर्यंत लई ऐकून घेतलं.

स्वरूपा : टँकवर नवी उडी शिकताना आधी जमिनीवर शिकवतात. कंबरेला पट्टा असतो, दोन बाजूंनी दोर, ते वर कप्पीवरून जातात आणि सरांच्या हातात येतात. आपण उडी घेऊन हवेत कोलांटी मारायची, सर दोर ओढून धरतात आणि अलगद खाली सोडतात. पहिल्यापासून केलंय मी ते. आता उडी घेतली की माझी मान वळते. सरांनी दोर धरलाय का बघते. मान वळली की अंग वळतं. एकदा तशीच गादीच्या बाहेर आपटले.

सर्जेराव : आपटलीस? कवा?

स्वरूपा : सतरा ऑगस्टला. पाठ लाल झाली होती. आत्यानं हळद लावली.

सर्जेराव : हेबी तुला ठावं व्हतं, अक्का.

कुशाबाई : हळद मीच लावली म्हणल्यावर ठावं असणारच की.

सर्जेराव : सतरा ऑगस्ट. पंधराला तर गावात सत्कार व्हता. चांगली व्हतीस. स्टेजवर उभी व्हतीस, सरपंचांनी शाल घातली.

स्वरूपा : हो.

सर्जेराव : सतराला आपटलीस. मधल्या एका दिसात काय झालं?

स्वरूपा : मधल्या दिवशी काही नाही झालं. पंधरालाच झालं. तुम्ही भाषण केलंत.

सर्जेराव : मंग? चांगलं झालं व्हतं. चिठ्ठी न बघता बोललो. लोकांनी टाळ्या दिल्या.

स्वरूपा : काय बोललात ते सांगा.

सर्जेराव : आता?

स्वरूपा : आता.

सर्जेराव : काय बोललो… हेच. की पोरगी सहा वर्सांची व्हती. मे महिना. लोणीला आत्याच्या हिरीवर आणली. तिच्या कमरेला दोर बांधला, म्हणालो, घाबरू नको, आप्पानं धरलाय. आन पाण्यात सोडली. ती मधी गेल्यावर हळूच दोर सोडून दिला. काठावर उभा राहून बघत राहिलो. पोर तरंगली. तवाच वळखलं, ही पाण्याची हाय. ह्याच्यात वाईट काय?

स्वरूपा : मला माहीत नव्हतं.

सर्जेराव : काय?

स्वरूपा : तुम्ही दोर सोडला होता ते. मला वाटायचं धरला होता.

सर्जेराव : अगं, समद्यांचाच सोडत्यात. माझ्या बापानं माझा सोडला, त्याच्या बापानं त्याचा. दोर धरून ठिवला तर पोरगं जलमभर लोंबकळत राहील. आपल्याकडं असंच शिकवत्यात. ह्याच्यात फसवणूक न्हाय, पद्धत हाय.

स्वरूपा : पद्धत असेल. पण मी प्रत्येक उडीच्या आधी कंबरेला हात लावते. तुम्हाला वाटत असेल कापड नीट करते. मी दोर बघते. मनात म्हणते, आप्पानं धरलाय. मग जाते. चार वर्षं, प्रत्येक उडी. पदकं मिळाली त्या उड्याही तशाच मारल्यात. सरांनापण सांगितलेलं नाही हे. आणि तुम्ही माईक हातात घेऊन सगळ्या गावाला सांगितलंत की दोर नव्हताच. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. मला तुमचा इतका राग आला, आप्पा. अजून आहे.

सर्जेराव : हे तुला सरांनी बोलायला शिकवलं का?

कुशाबाई : सर्जा, किती संशय घेशील. पोर तुझ्यासमोर काळीज काढून ठेवती, आन तू बघतोस त्याच्यावर कुणाचा शिक्का हाय.

सर्जेराव : मी इचारलं फक्त.

स्वरूपा : नाही शिकवलं. मी इथं रोज दुपारी विहिरीवर येते. तुम्ही जिथून मला सोडलंत तिथं, मोटेच्या दगडावर उभी राहते. वाटतं, इथून एकदा गेले तर तिथूनपण जाईन. पण पाय सुटत नाहीत. मग पायऱ्यांनी खाली जाऊन पाण्यात बसते. तुम्ही हुंगलात त्या टॉवेलाला तोच वास आलाय. पाण्यात नुसतं बसल्याचा.

सर्जेराव : अक्का, तू तीन आठवडं हे बघत व्हतीस. मला एक फोन करायचा.

कुशाबाई : फोन करून काय सांगायचं? तुझं भाषण खोटं हाय म्हणून?

सर्जेराव : खोटं? काय खोटं हाय त्यात? दोर सोडला मी. सोडला का न्हाय, तू व्हतीस तितं.

कुशाबाई : सोडलास. ते खरं हाय.

सर्जेराव : मंग?

कुशाबाई : तू म्हणालास, काठावर उभा राहून बघत राहिलो.

सर्जेराव : व्हतोच की उभा.

कुशाबाई : उभा व्हतास. मी खाली शेवटच्या पायरीवर व्हते, कमरंएवढ्या पाण्यात. तितनं वर बघितलं की तू दिसायचास. सर्जा, मला तुझी पाठ दिसत व्हती.

स्वरूपा : म्हणजे?

कुशाबाई : इचार त्याला.

स्वरूपा : आप्पा?

सर्जेराव : धा वर्सं झाली. तिला काय आठवतंय.

कुशाबाई : दोर सोडला आन त्वांड फिरवलंस. त्या कडूलिंबाकडं बघत व्हतास. हाताच्या मुठी आवळलेल्या. लिंबावर काय व्हतं, सर्जा? बघण्यासारखं?

सर्जेराव : काय नव्हतं.

स्वरूपा : तुम्ही बघितलंच नाहीत?

सर्जेराव : बघवलं न्हाय. दोर हातातनं गेला. वाटलं, आपण काय केलं हे. मंग वळताच येईना. वळलो आन तू दिसलीच न्हाईस तर काय करायचं, म्हणून वळलो न्हाय. तुझा आवाज आला तवा वळलो.

स्वरूपा : बालेवाडीला स्पर्धेत माझी उडी आली की तुम्ही चहाला जाता.

सर्जेराव : तवा गर्दी नसती कँटीनला.

स्वरूपा : आप्पा.

सर्जेराव : व्हय. तितंबी बघवत न्हाय. जिन्यात उभा राहतो. टाळ्या ऐकल्या की आत येतो.

स्वरूपा : चार वर्षांत माझी एकपण उडी बघितली नाहीत?

सर्जेराव : बघितल्यात की. म्हाळसा मोबाईलवर काढती ना. समद्या बघितल्यात, धा-धा बारीला. त्याच्यात तू वर येणार हे ठावं असतं, म्हणून बघता येतं.

स्वरूपा : गावात सगळ्यांना सांगता, पोरगी सूर मारते तेव्हा पाणी सुद्धा उडत नाही.

सर्जेराव : सर म्हणतो तसं. मी त्याचंच पुढं सांगतो.

कुशाबाई : गावच्या पाण्यावर डोळा ठेवणारा माणूस. स्वतःच्या पोरीच्या पाण्याकडं पाठ करून उभा.

सर्जेराव : बास कर, अक्का.

स्वरूपा : मग खरं काय झालं ते कुणीच बघितलं नाही.

कुशाबाई : मी बघितलं.

स्वरूपा : मग सांग.

कुशाबाई : सांगायचं नव्हतं.

सर्जेराव : आता हे काय नवीन? तुझ्याकडं अजून किती झाकलेलं हाय?

कुशाबाई : ही मधी व्हती. दोर वरनं पडला, पाण्यावर सैल पसरला. हिनं मागं वळून बघितलं. दोराकडं बघितलं. मंग वर बघितलं, तिथं बापाची पाठ. मी म्हणलं, आता ही रडणार आन नाकातोंडात पाणी जाणार. मी पुढं सरकले, हात लांब केला. पर ती रडली न्हाय. चार हात मारलं, कुत्र्यासारखं, मान वर काढून, आन येऊन माझा पदर धरला.

स्वरूपा : मी बघितलं होतं? दोर सुटलेला?

कुशाबाई : माझ्या डोळ्यांदेखत बघितलंस.

स्वरूपा : नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू हे. आठ दिवसांवर निवड आहे म्हणून.

सर्जेराव : मलाबी तसंच वाटतंय. आता बसल्या बसल्या जुळवलंस.

कुशाबाई : बाप-लेक एकाच मातीचे. अगं, बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर मी म्हणाले असते, दोर मी धरला व्हता खालनं. तुला तेच ऐकायचं व्हतं की न्हाय? तीन आठवडं तू त्या दगडावर उभी ऱ्हातीस, आन रोज ती थाप माझ्या जिभंवर येती. रोज गिळली. ज्यानं बरं वाटलं असतं ते मी सांगितलं न्हाय.

स्वरूपा : मग हे तरी आधी का नाही सांगितलंस? मी रोज खाली बसत होते.

कुशाबाई : तू शप्पथ घातली व्हतीस.

स्वरूपा : मी?

कुशाबाई : पायरीवर उभी व्हतीस. दात वाजत व्हतं. मी म्हणलं, थांब, तुझ्या बापाला चांगला झाडते. तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, आत्या, आप्पाच्या हातातनं दोर निसटला. आईला सांगू नको, ती आप्पाला बोलंल. आन आप्पालाबी सांगू नको, त्याला वाईट वाटंल.

सर्जेराव : निसटला म्हणाली?

कुशाबाई : निसटला म्हणाली. तू सोडशील हे तिच्या डोक्यातबी आलं न्हाय. मंग वर मान करून तुला वराडली, "आप्पा, धरलाय ना?" तवा तू वळलास. आन वरनं काय म्हणालास?

सर्जेराव : म्हणालो, धरलाय.

कुशाबाई : मी दोघांच्या मधी उभी. एक वरनं खोटं बोलतोय, एक खालनं. दोघंबी एकमेकांला राखत व्हतात. मी म्हणलं, आपण कशाला मधी पडायचं. पदर पिळला आन घरात गेले. पुढं तू मोठी झालीस, तुझं तूच इसरलीस, आन बापानं धरला व्हता हेच तुझ्या मनात राहिलं.

सर्जेराव : मला धा वर्सं वाटतंय, पोरीला कळलं न्हाय. आवाज आठवतोय मला तिचा. म्हणलं, बरं झालं, कळलं न्हाय.

स्वरूपा : मला खरंच आठवत नाही यातलं.

कुशाबाई : तुला आठवाय पायजे असं न्हाय. मला आठवतंय.

सर्जेराव : स्वरूपा, त्या सत्काराचं… मी पुन्यांदा असं कुठं बोलणार न्हाय. लोकांनी माईक दिला, बोलत गेलो. तू एवढी मोठी झालीस त्यात माझंबी कायतरी हाय, असं वाटावं म्हणून बोललो. खरं सांगायचं तर त्यात माझं काय न्हाय. वळायचीबी ताकद नव्हती.

स्वरूपा : राग गेलेला नाही माझा.

सर्जेराव : असू दे. मी कुठं म्हणतोय घालव.

स्वरूपा : आत्या, पाणी किती आहे आज?

कुशाबाई : कालच्याएवढंच. पाच परस. पाच माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी केली तरी बुडतील. तुला काय कमी पडत न्हाय.

सर्जेराव : कुठं निघाली? आता टँकवर जाऊ. मी सोडतो गाडीवर. सरांशी मी बोलतो.

स्वरूपा : सरांशी तुम्ही बोलू नका. आधी विहिरीवर चला.

सर्जेराव : त्या दगडावर शेवाळ असतं, पाय सरकंल. थांब, दोर आणतो. अक्का, दोर कुठं हाय?

स्वरूपा : दोर नको.

सर्जेराव : नुसता बांधतो. धरतो. खरंच धरतो.

(तिघं विहिरीवर येतात.)

स्वरूपा : नको, आप्पा. मी जाईन का परत पायऱ्यांनी उतरेन, माझं मलाच माहीत नाही. पण तुम्ही काठावर यायचं. इथं, या बाजूला. आणि माझ्याकडं बघायचं.

सर्जेराव : मोबाईलवर काढू का?

स्वरूपा : मोबाईल आत्याकडं द्या.

कुशाबाई : आण हिकडं. मी हिच्याकडं बघतच न्हाय आज. मी तुझ्याकडं बघत उभी ऱ्हाते, सर्जा. मान हालली तर मला दिसंल.

सर्जेराव : गुन्हेगारावर पहारा ठेवावा तसं करतीस.

कुशाबाई : तू गावावर ठेवतोसच की. एक दिवस आपल्यावर घे. चढली का ती?

सर्जेराव : चढली. दगडावर हाय.

कुशाबाई : काय करती?

सर्जेराव : उभी हाय. खाली बघती. अक्का, पाणी लई खाली दिसतंय हितनं. धा वर्सांमागं एवढं खाली नव्हतं.

कुशाबाई : एवढंच व्हतं.

सर्जेराव : पायाची बोटं दगडाच्या बाहेर काढलीत. तिला म्हणावं का, ऱ्हाऊ दे? पुढल्या वर्सी बघू म्हणावं?

कुशाबाई : काय म्हणू नको. बघ फक्त.

सर्जेराव : हात वर केलं… गेली.

कुशाबाई : मान हालवू नको.

सर्जेराव : न्हाय हालवत. डोक्याकडनं गेली, अक्का. सरळ. आवाजबी लई न्हाय झाला.

कुशाबाई : ऐकलं मी. आता काय दिसतंय?

सर्जेराव : काय न्हाय. नुसतं पाणी.

कुशाबाई : बघत ऱ्हा.

सर्जेराव : बघतोय. लई वेळ झाला का गं?

कुशाबाई : न्हाय झाला.

सर्जेराव : आली वर.